अंगावर बेतलेली शाळा

१९८२ च्या जूनमध्ये मी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेचा चार्ज घेतला. शाळा म्हणजे कौलारू एक खोली, पुढं ओटी आणि भिंतीवर निळ्या रंगातली अक्षरं, ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’. आधीच्या गुरुजींना एसटी गाठायची होती, म्हणून डेडस्टॉक रजिस्टर आम्ही उभ्याउभ्याच वाचलं. खुर्ची एक. टेबल एक, पाय मोडका. घंटा एक. नकाशे तीन, त्यातला एक उंदरांनी खाल्लेला. आणि मग, टकळ्या, नग २३.

“या कशाला?” मी विचारलं.

“मोजून घ्या बाई. नंतर माझ्यावर नको,” एवढंच गुरुजी म्हणाले.

ट्रंकेच्या तळाशी त्या सुतळीनं एकत्र बांधलेल्या होत्या. तारेची दांडी, खाली चकती, सगळ्यांना गंज. मी मोजल्या, सही केली, ट्रंक लावून टाकली. पुढची पंधरा वर्षं मी त्याच शाळेत राहिले. त्या पाड्यावर बदलून यायला कोणी राजी नसायचं, आणि मला हळूहळू तिथून जावंसं वाटेना. भिंतीवरचं ते नाव आणि ट्रंकेतल्या त्या टकळ्या एकाच लाटेबरोबर आमच्याकडं आल्या होत्या, हे मात्र कळायला मला बराच वेळ लागला.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी मुलगी. ती ठाण्यात एका खासगी शाळेत शिकवते. मध्यंतरी तिचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, विषय ‘क्षमताधिष्ठित अध्ययनासाठी डिझाइन थिंकिंग’. घरी आली ती रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊनच. “आई, पाच पायऱ्या असतात,” म्हणाली. मुलाच्या जागी जाऊन बघायचं, अडचण नेमकी कोणती ते ठरवायचं, सुचतील तेवढे उपाय मांडायचे, त्यातल्या एकाचा कच्चा नमुना करायचा, तो वापरून बघायचा आणि चुकला तर परत पहिल्यापासून. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलनं ही पद्धत गाजवली, असंही तिनं सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, “तुझ्या आजोबांना हे येत होतं.”

माझे वडील चिंचणीला शिंपीकाम करायचे. जूनमध्ये गणवेशाचे ढीग पडत, तरी मूल समोर उभं केल्याशिवाय ते कापडाला कात्री लावत नसत. आया म्हणत, मोठ्याची चड्डी घ्या ना मापाला. ते म्हणत, मोठा बारीक होता, हा पोटाळू आहे. आणि दर वेळी वाढतं माप ठेवायचे, खालची दुमड चांगली दोन बोटं, पुढच्या वर्षी उसवून सोडता यावी म्हणून. याला ते बेतणं म्हणत. डिझाइनला मराठीत आराखडा म्हणतात, पण आराखडा कागदावर होतो. बेतायला समोर अंग लागतं.

आपल्याकडच्या शाळा अशा अंगावर बेतण्याचे दोन मोठे प्रयत्न मला माहीत आहेत. एक वर्ध्याचा. दुसरा माझ्या शाळेपासून फार लांब नसलेल्या कोसबाडच्या टेकडीवरचा.

वर्ध्याचं आधी सांगते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथं शिक्षण परिषद भरली. प्रांतांत नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती आणि सात वर्षांचं मोफत शिक्षण द्यायचं तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न होता. गांधीजींचं म्हणणं, शिक्षण एखाद्या उद्योगातूनच द्या, मूल शिकेल आणि त्याच्या कामातून शिक्षकाचा पगारही निघेल. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं डिसेंबरात आराखडा दिला, पुढच्या फेब्रुवारीत हरिपुऱ्याच्या अधिवेशनात काँग्रेसनं तो उचलला. हीच नई तालीम. आपल्याकडं मूलोद्योग शिक्षण म्हणत, जीवन शिक्षणही म्हणत. समितीचं वेळापत्रक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा बेरीज केली. शाळा साडेपाच तास. त्यात मूलोद्योग ३ तास २० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. मातृभाषा ४०. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३०. कवायत १०, मधली सुट्टी १०.

आजच्या पालकाला हे वेडेपण वाटेल. पण सूत कातायची टकळी हातात घेऊन बघा. सूत मोजायचं ते तारात. चार फुटांचा एक तार. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. पहिलीतलं पोर फाळक्यावर सूत गुंडाळताना तार मोजतं, म्हणजे १६० पर्यंत मोजतं, आणि मधेच चुकलं तर फाळक्यावरचं सूतच त्याला सांगतं. चार लट्या म्हणजे किती तार, हे पाठ करावं लागत नाही. किती फूट, हे मोठी मुलं काढतात. कापूस कुठला, काळी जमीन कुठं, विलायती कापड कसं आलं, हे सगळं त्याच सुतावरून. याला समवाय म्हणत. आज ज्याला क्षमता म्हणतात ती इथं डोळ्यांना दिसायची. सूत एकसारखं आहे की गाठाळ, हे बघायला परीक्षा लागत नव्हती.

मग ट्रंकेत गंजलेल्या टकळ्या का?

माझं उत्तर असं. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला अशी शाळा चालवणारे आर्यनायकम् आणि आशादेवी मुलांबरोबर राहत होते, तिथं शाळा मुलांच्या अंगावर बसली. तिथून ती निघाली ती परिपत्रकातून. मूळ आराखड्यात सूतकताई एकटी नव्हती, शेती, सुतारकाम, भाजीपाला नि फळबाग, चामड्याचं काम, असे पर्याय होते. स्थानिक परिस्थितीला धरून उद्योग निवडा, असंच समितीनं म्हटलं होतं. पण टकळी स्वस्त, तिला जागा लागत नाही, मोजून वाटता येते. म्हणून ती सगळीकडं गेली, आमच्या डहाणूच्या पट्ट्यातसुद्धा. आमच्याकडं भात, गवत, ताड, मोह आणि खाली समुद्राकडं चिकूच्या वाड्या. कापसाचं बोंड माझ्या वर्गानं फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं. मोठ्याची चड्डी धाकट्याला चढवली, दुसरं काय. पुढं कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सुचवला, आणि आमच्या पिढीपर्यंत येईतो त्याचीही क्रेप कागदाची फुलं झाली होती.

कोसबाडला मी पहिल्यांदा गेले ती डी.एड.ला असताना, सहलीबरोबर. तिथलं काम उभं करणाऱ्या दोघींपैकी अनुताई वाघ तेव्हा तिथंच होत्या. आम्ही चाळीस मुली, त्यांच्याशी बोलायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला काही विशेष वाटलंही नाही. खडे, बिया, शंख, पिसं, चिकणमाती, नारळाच्या करवंट्या. हे काय साधन? आम्हाला कॉलेजात फ्लॅनेल बोर्ड शिकवलेला होता.

तो पसारा कुठून आला हे नंतर वाचून कळलं. ते काम सुरू केलं ताराबाई मोडकांनी. त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. १९२३ पासून भावनगरला दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर नऊ वर्षं, तिथं माँटेसरी पद्धतीचं बालमंदिर. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार. म्हणजे शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांची शाळा त्यांना उत्तम जमत होती. माँटेसरीचे लाकडी ठोकळे, दट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरं, सगळं मापात घडवलेलं आणि महाग. वयाच्या पन्नाशीनंतर हे सगळं मागं ठेवून त्या बोर्डीला आल्या. १९४५ च्या अखेरीस तिथं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. त्यांच्याबरोबर आल्या पस्तीस वर्षांच्या अनुताई. मोरगावच्या, तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या. त्या पुढं सत्तेचाळीस वर्षं, १९९२ मध्ये जाईपर्यंत, इथंच राहिल्या.

तो काळ कसला होता ते ध्यानात घ्या. १९४५ मध्येच १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला होता, जेठ्या गांगड त्यात गेला. वेठबिगारी आणि गवतकापणीची मजुरी यावरून अख्खा मुलूख पेटलेला होता. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलंय त्यांना पुढचं सांगायला नको. अशा वेळी बालशिक्षण घेऊन येणाऱ्या दोन बायका म्हणजे पाड्यावरच्यांना काय वाटलं असेल?

मुलं आली नाहीत. साधी गोष्ट, पण इथूनच सगळं सुरू होतं. एरवी काय होतं ते मी छत्तीसेक वर्षं पाहिलं. मुलं आली नाहीत की पालक अडाणी, असं लिहून मोकळं व्हायचं. या दोघी वस्तीत गेल्या आणि मुलं कुठं आहेत ते बघत बसल्या. लहानगी होती अंगणात, धुळीत, अर्धपोटी, अंगावर खरूज. मग शाळाच अंगणात न्यायची ठरली. तिथंच पोरांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी-गोष्टी. हीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांचं नावही अंगणवाडीच.

त्यांच्याहून मोठी मुलं होती कुरणात, गुरांमागं. त्यांना आणायचं तर गुरं कोण बघणार? म्हणून कुरणशाळा. शिक्षक झोळी घेऊन कुरणात जायचा, गुरं चरायची, पोरं झाडाखाली बसायची. दिवसभर मजुरी करणाऱ्यांसाठी रात्रीचा वर्ग. राहिल्या मोठ्या मुली. त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, कारण आई कामावर. त्यावर काढलेली तोड मला सगळ्यात भारी वाटते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात, आणि मधेच उठून तिला बघून येता येतं. या जोडणीचं नाव विकासवाडी. १९५६-५७ च्या सुमारास हे सगळं बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

साधनांचंही तसंच. माँटेसरीच्या ठोकळ्यांनी जे शिकवायचं, लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत, ते तर आवारात पडलेलंच होतं. उतरंड लावायला करवंट्या, मोजायला बिया, स्पर्शाला झाडाच्या साली. म्हणजे मला कॉलेजात असताना जी गरिबी वाटली, ती अनेकदा करून, मोडून, परत करून पक्की झालेली रचना होती. माझ्या मुलीच्या पाच पायऱ्यांतली एकही तिथं चुकलेली नाही. चिठ्ठ्या तेवढ्या नव्हत्या.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. बाकी राज्यभर यातलं काय गेलं? अंगणवाडी हे नाव गेलं. कुरणशाळा गेली नाही. तिला हजेरीपट कुठल्या खोलीत ठेवायचा हेच ठरवता आलं नसतं.

माझ्या शाळेत हा प्रश्न पहिल्याच पावसाळ्यात उभा राहिला. पटावर ४१, हजर नऊ-दहा. लावणी चालू. चौथीतली एक मुलगी यायची ती कडेवर भाऊ घेऊन, आणि तो रडला की निघून जायची. तिला मी दोनदा रागावले, याची मला आजही लाज वाटते. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. त्या रात्री मला कोसबाडचं आवार आठवलं. सहलीत न दिसलेलं तेव्हा दिसलं म्हणा. दुसऱ्या दिवशी ओटीच्या वाशाला माझ्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. दोरीचं टोक त्या मुलीच्या पायाच्या अंगठ्याला. ती पाढे लिहायची आणि पाय हलवायची. आठवडाभरात झोळ्या तीन झाल्या.

त्या महिन्यात एक साहेब शाळाभेटीला आले. झोळ्यांकडं बघत राहिले. शेराबुकात लिहिलं, ‘शालेय वातावरण असमाधानकारक.’ मी खाली सही केली. झोळ्या काढल्या नाहीत. भिंतीवर जीवन शिक्षण लिहिलेलं होतं, त्याच्याखाली जीवन लोंबकळत होतं, मी काय करणार.

आणि मग क्षमता आल्या.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर किमान किती शिकलंच पाहिजे हे ठरवायला डॉ. रवींद्र दवे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९९१ मध्ये तिचा अहवाल आला. किमान अध्ययन क्षमता. भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येक इयत्तेच्या क्षमतांची यादी. कसोटी अशी की वर्गातल्या निदान ८० टक्के मुलांनी निदान ८० टक्के क्षमता कमवाव्यात. महाराष्ट्रानं १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम त्यावर उभा केला, आणि ‘क्षमताधिष्ठित’ हा शब्द आमच्या केंद्रसंमेलनांत ऐकू यायला लागला.

मी त्या यादीला नावं ठेवणार नाही. तोवर आम्ही पुस्तक संपवत होतो. ‘पाठ बारा झाला’ असं टाचणात लिहायचं, मुलाला काय आलं हा कॉलमच नव्हता. यादीनं पहिल्यांदा विचारलं, पुस्तक राहू द्या, पोराला काय येतं? आणि पोर बदलत नाही तोवर पद्धत बदला, असं त्यात होतं. माप घेण्याची भाषा होती ती.

पण आमच्यापर्यंत पोचला तो तक्ता. आडवे क्षमतांचे आकडे, उभी मुलांची नावं, आणि चौकटीत बरोबरची खूण. तक्ता महिन्याला द्यायचा. केंद्रावर ८० टक्के भरलेला लागायचा. रात्री कंदिलाशी बसून मी खुणा केल्यात, खोटं कशाला बोलू? निळ्या आणि काळ्या शाईनं आलटून पालटून, म्हणजे एका दिवशी केल्यासारख्या दिसू नयेत.

तिसरीत एक मुलगा होता. त्याच्या नावापुढं गणिताच्या चौकटी रिकाम्या. शंभरापर्यंतच्या संख्या त्याला लिहिता येत नव्हत्या. दिवाळीनंतर गवताच्या गंजीवर तो बापाबरोबर जायचा. एकदा मी तिकडून येत होते, तर हा पेंढ्या मोजून देत होता. विसा-विसानं. एक वीस झाली की चिंचोका एका खिशात. मुकादम म्हणाला अठरा विसा. हा म्हणाला एकोणीस नि वर सात. परत मोजल्या. पोराचं बरोबर निघालं. तीनशे सत्त्याऐंशी पेंढ्या, आणि माझ्या तक्त्यात तो शंभराच्या आत नापास.

दुसऱ्या दिवशी मी चिंचोक्यांची पिशवी वर्गात आणली. दशकाची मोळी बाजूला ठेवली, आधी विसाच्या ढिगाऱ्या. एका विसात दहाचे दोन. तीन विसात किती? दोन आठवड्यांत तो आणि त्याच्यासारखी सहाजणं शंभराच्या पुढं लिहायला लागली. शोध वगैरे काही नाही, आमच्या आज्या विसा-विसानंच मोजायच्या. फक्त पोराला कुठून मोजता येतं ते मी पाहिलं नव्हतं.

त्यापुढची वर्षं भराभर सांगते, कारण ती शब्द बदलण्यातच गेली. २०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला, त्याबरोबर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, आकारिक नि संकलित. २०१७ मध्ये अध्ययन निष्पत्ती. मी २०१९ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर २०२० चं धोरण, २०२१ मध्ये निपुण भारत. प्रत्येक वेळी प्रशिक्षण, प्रत्येक वेळी नवा तक्ता. मुलीनं मला तिच्या कार्यशाळेतला तक्ता दाखवला. ‘समानुभूती नकाशा’. मूल काय बोलतं, काय करतं, काय विचार करतं, त्याला काय वाटतं, त्याच्या चार चौकटी. “भरून झाल्या?” मी विचारलं. म्हणाली, “हो, तिथंच, हॉटेलच्या हॉलमध्ये.” मग दोघी हसलो. नंतर ती म्हणाली, सोमवारी शाळेत जाऊन एका मुलासाठी परत भरून बघते. बघू दे.

टकळ्यांचं राहिलं. १९९७ मध्ये माझी बदली झाली. नव्या बाई चार्ज घ्यायला आल्या, रजिस्टर काढलं, ट्रंक उघडली. टकळ्या, नग २२.

त्या सही करेनात. मला आठवलं. विसानं मोजणाऱ्या त्या पोरानं एकदा ट्रंकेतली एक टकळी मागून घेतली होती. ओटीवर टेकवून दोन बोटांत अशी पिरगाळली की टोकावर उभी राहून भोवऱ्यासारखी फिरली. मग पैज लागली. थांबेपर्यंत मोजायचं. सगळा वर्ग एका सुरात मोजत होता, एक वीस झाली, दुसरी चालू झाली, झोळीतली पोरंसुद्धा गप्प होऊन बघत होती. सुट्टी झाली तेव्हा तो ती तशीच घेऊन गेला. मी बघितलं होतं, परत मागितली नव्हती.

रजिस्टरात जुन्या अक्षरात किंमत होती, चार आणे. नव्या बाईंनी शेरा लिहिला, ‘टकळी एक, गहाळ, रक्कम वसूल.’ पंचवीस पैसे सुटे नव्हते, मी रुपया दिला.